सरहद्दीवरचे खर्डा

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात नांदूरघाट हे गाव आहे. गावाच्या दक्षिणेस मांजरा नदी वाहते. सभोवार उंचसखल माळ, मधूनमधून काळ्या जमिनीचे पट्टे आणि पावसाळा सरला की कोरडे पडणारे ओढे, असे या मुलखाचे रूप आहे. हे सारे पठार बालाघाट या नावाने ओळखले जाते. 'बाला' हा शब्द फारसी आहे. त्याचा अर्थ वरचा. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट आणि घाटाच्या खालचा मुलूख तो पाईनघाट, अशी जुन्या दप्तरांत विभागणी असे. फारसीतील 'पाईन' म्हणजे खालचा. पाईनघाट हे नाव आता लोकांच्या तोंडी फारसे राहिले नाही. बालाघाट मात्र अजून टिकून आहे.

या पठारावरून पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेस कलून, वाटचाल केली असता एके ठिकाणी जमीन अकस्मात खाली उतरते. माळाची कड संपते, समोर सीनेच्या खोऱ्याचा विस्तीर्ण सखल प्रदेश दिसू लागतो आणि मोहरीचा घाट लागतो. या घाटाच्या पायथ्याशी खर्डा हे गाव वसले आहे. ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात मोडते. गावापासून थोड्याच अंतरावर बीड व धाराशिव या दोन जिल्ह्यांच्या हद्दी लागतात. तीन जिल्ह्यांच्या कोपऱ्यात सापडलेले हे गाव आज शांत दिसते. परंतु सव्वादोनशे वर्षांपूर्वी सगळ्या हिंदुस्थानचे डोळे या गावाकडे लागले होते आणि त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षे दोन राज्यांची सरहद्द त्याच्या शिवाराला खेटून गेली होती.

सरहद्दी दोन प्रकारच्या असतात. काही माणसे आखतात, काही पाणी आखते. खर्ड्यापाशी या दोन्ही एकमेकींच्या जवळ आल्या, हेच या गावाचे वैशिष्ट्य होय.

प्रथम पाण्याची सरहद्द पाहू. बालाघाटाचा खडक काळा बसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील लाव्हा थरावर थर पसरून तो तयार झाला. वारा, ऊन आणि पाऊस यांनी त्याची झीज होऊन आजचे सपाट माथे व उतरत्या कडा निर्माण झाल्या. पाटोदा तालुक्यात गौखाडी गावाजवळ, समुद्रसपाटीपासून ८२३ मीटर उंचीवर, मांजरा नदी उगम पावते. ती पूर्वेकडे वळते, केज तालुक्याच्या अंगाने जाते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून तेलंगणात गोदावरीस मिळते. याच पाटोदा तालुक्यात सौताडा येथे विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते. तो धबधबा पाहण्यास पावसाळ्यात लांबलांबून लोक येतात. मात्र विंचरणेचे पाणी गोदावरीस जात नाही. ती जामखेडवरून सीनेस मिळते, सीना भीमेस मिळते आणि भीमा कृष्णेस. खर्ड्याचे ओढेही सीनेच्याच दिशेने धावतात. एकाच पठारावर पडलेल्या पावसाचे असे दोन वाटे होतात. एक वाटा आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखातून समुद्रास मिळतो, तर दुसरा कृष्णेच्या मुखातून. दोन खोरी वेगळी करणाऱ्या अशा उंच रेषेस जलविभाजक म्हणतात. ही रेषा भूमीवर कोणी खांब रोवून दाखविलेली नाही. तरीही पावसाचा प्रत्येक थेंब ती पाळतो.

अशा कडेच्या पायथ्याशी गाव वसावे, यात नवल नाही. पठारावरून उतरणाऱ्या वाटा तेथे एकत्र येतात. वरच्या मुलखातील धान्य, जनावरे, लोकर खाली येते आणि खालच्या मुलखातील माल वर चढतो. घाट चढण्यापूर्वी बैलांना विसावा द्यावा लागतो, उतरल्यावर चाकांची डागडुजी करावी लागते. जेथे गाड्या थांबतात तेथे बाजार भरतो, हा नियम जगात सर्वत्र दिसतो. खर्डा ही मोठी पेठ होती. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये पाचशेहून अधिक व्यापारी, दुकानदार आणि सराफ येथे असल्याची नोंद आहे. धान्याचा व देशी कापडाचा व्यापार येथे चाले आणि मंगळवारचा गुरांचा बाजार जिल्ह्यातील अत्यंत मोठ्या बाजारांपैकी गणला जाई. १९०१ साली गावाची लोकसंख्या ५,९३० होती. त्या काळच्या मानाने हे लहान गाव नव्हे, शहरच होते.

बाजार आला की त्याच्या रक्षणाचा प्रश्न येतो. खर्डा हे निंबाळकर सरदारांच्या ताब्यात होते. हे निंबाळकर मराठे, परंतु हैदराबादच्या निजामाच्या पदरी चाकरीस होते. त्यांची भव्य गढी गावाच्या मध्यभागी होती. तिचे अवशेष अद्याप पाहावयास मिळतात. अठराव्या शतकाच्या मध्यास, १७४५च्या सुमारास, सुलतानजी निंबाळकर यांनी गावाच्या आग्नेयेस एक भुईकोट किल्ला बांधला. त्याची प्रत्येक बाजू सुमारे तीनशे फूट लांब आहे. घडीव दगडांचे तट पंचवीस ते तीस फूट उंच आहेत, भोवती रुंद खंदक आहे आणि आत जाण्यास एकापाठोपाठ एक असे दोन भक्कम दरवाजे आहेत. बाहेरच्या दरवाजावर शिलालेख आहे. या किल्ल्यास शिवपट्टण असेही म्हणतात. मराठा सरदाराने, मुसलमान राजाच्या सेवेत असताना, मराठी मुलखात बांधलेला हा किल्ला आहे. त्या काळच्या राजकारणात कोण कोणाच्या बाजूस होते हे केवळ नावावरून वा धर्मावरून ओळखू पाहणारा हमखास फसतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पुढे हाच किल्ला निजामाच्या अब्रूची कसोटी ठरला.

मराठ्यांना निजामाकडून चौथ व सरदेशमुखी मिळावयाची होती. अनेक वर्षांची बाकी तुंबली होती. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे यांनी तिची मागणी केली तेव्हा निजाम अलीखानाचा दिवाण मुशीर-उल्मुल्क याने ती धुडकावली आणि नाना फडणीस यांच्याविषयी भर दरबारात अपमानकारक उद्गार काढले. लढाईचे कारण पैशाचे होते, परंतु ठिणगी पडली ती या शब्दांनी. महादजी शिंदे १७९४च्या फेब्रुवारीत निवर्तले होते. मराठ्यांत आता दुही माजेल असा हैदराबादच्या दरबाराचा अंदाज होता. तो चुकला. नानांनी सर्व सरदारांस निरोप धाडले. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघुजी भोसले, परशुरामभाऊ पटवर्धन, सारे आपापल्या फौजा घेऊन आले. पेशवे सवाई माधवराव तेव्हा अवघ्या वीस वर्षांचे होते. तेही सैन्याबरोबर निघाले. फौजांचे आधिपत्य परशुरामभाऊंकडे देण्यात आले.

निजाम बिदरहून निघाला आणि मांजरेच्या काठाकाठाने पश्चिमेकडे सरकू लागला. त्याने हाच मार्ग का निवडला, हे नकाशा पुढे ठेवला म्हणजे समजते. लाखभर माणसे, हत्ती, घोडे, बैल आणि उंट यांना रोज पाणी लागते. बालाघाटावर बारमाही पाण्याचा भरवसा नाही, म्हणून मोठ्या फौजेस नदीचे बोट धरूनच चालावे लागते. नदीच्या उगमाकडे जावे तसतसा तिचा प्रवाह बारीक होत जातो आणि शेवटी पठाराची कड येते. तेथे नदीची सोबत सुटते. मोहरीच्या घाटाने उतरून निजामाची फौज खर्ड्याच्या बाजूस आली, ती अशी नदी मागे टाकून आणि फाल्गुनाच्या उन्हात.

११ मार्च १७९५ रोजी खर्डा आणि परांडा यांच्या दरम्यान दोन्ही सैन्यांची गाठ पडली. प्रत्येक बाजूस लाखाहून अधिक माणूस होते, असे जुने इतिहासकार सांगतात. निजामाकडे रेमाँ नावाच्या फ्रेंच सेनापतीने कवायत शिकविलेल्या पलटणी होत्या. शिंद्यांकडे पेराँ याच्या हाताखालच्या पलटणी होत्या. तोही फ्रेंचच. युरोपात त्या वेळी फ्रेंच राज्यक्रांतीची युद्धे चालू होती आणि येथे बालाघाटाच्या पायथ्याशी दोन फ्रेंच माणसे एकमेकांविरुद्ध तोफा लावून उभी होती. दिवसभराच्या झुंजीत मराठ्यांचे पारडे जड झाले, परंतु निकाल लागला नाही.

निकाल लागला तो रात्री, आणि तोही पाण्यावरून. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. मराठ्यांची एक लहानशी टोळी अंधारात घोड्यांसाठी पाणी शोधीत हिंडत होती. एका ओढ्यापाशी ती आली, तो तेथे निजामाचे काही शिपाई उतरलेले होते. त्यांनी ओळखून गोळ्या झाडल्या. जवळच रेमाँचे पहारेकरी होते, त्यांनीही बंदुका चालविल्या. आवाजाने जागे झालेल्या पलटणींनी काय घडले याची विचारपूस न करता अंधारात बार काढले. छापा पडला, अशी हाकाटी सगळ्या तळावर पसरली. घाबरलेल्या निजामाने रातोरात खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला. त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली. पाण्याच्या शोधात निघालेल्या मूठभर स्वारांनी एवढी मोठी फौज उधळून लावली, आणि आपण काय केले याची त्यांना त्या क्षणी कल्पनाही नसावी.

किल्ला मजबूत होता, पण त्याची जागा वाईट होती. त्याच्या भोवती एक बाजू सोडून सर्वत्र टेकड्या आहेत. बाजारास आडोसा देणारी ही खोलगट जागा वेढ्यात सापडलेल्या सैन्यास मात्र सापळ्यासारखी ठरली. मराठ्यांनी टेकड्यांवर तोफा चढविल्या. दोन दिवस मारा झाल्यावर निजामाने तहाची याचना केली. आत दाणापाण्याचे हाल होत होते. तीनशे फुटांच्या त्या चौकोनात एका सरदाराची शिबंदी राहू शकत होती, एका राज्याचा दरबार नव्हे. अखेरीस तह झाला. परांड्यापासून तापी नदीपर्यंतचा मुलूख आणि दौलताबादचा किल्ला मराठ्यांस द्यावा, थकबाकी व युद्धखर्च मिळून तीन कोटी रुपये द्यावेत आणि मुशीर-उल्मुल्क यास स्वाधीन करावे, या मुख्य अटी होत्या. दिवाणास देताना निजामास फार वाईट वाटले. तरी द्यावे लागले.

मराठ्यांचे सर्व मोठे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढले ते या वेळी अखेरचे. पुण्यात मोठा जल्लोष झाला. परंतु तरुण पेशव्यांची वृत्ती वेगळी होती. एवढी मोठी मोगल फौज इतक्या सहज पळाली आणि फारसे न लढता मिळालेल्या जयाची आपले लोक एवढी फुशारकी मारतात, हे पाहून ते खिन्न झाले, असे ग्रँट डफ सांगतो. ही हकीकत खरी असेल तर वीस वर्षांच्या त्या मुलास पुण्यातील अनेक वडीलधाऱ्यांहून अधिक दूरचे दिसत होते.

कारण जय टिकला नाही. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्यातील माडीवरून खाली पडले आणि दोन दिवसांनी मृत्यू पावले. गादीच्या वारसासाठी पुण्यात कारस्थानांना ऊत आला. कैदेत असलेला मुशीर-उल्मुल्क त्या गोंधळाचा फायदा घेऊन सुटला आणि खर्ड्यास गमावलेले बहुतेक सारे त्याने १७९६च्या महाडच्या तहाने परत मिळविले. निजामानेही धडा घेतला, पण तो निराळाच. खर्ड्याच्या लढाईत इंग्रज तटस्थ राहिले होते. १७९८ साली त्याने इंग्रजांचीच तैनाती फौज स्वीकारली आणि फ्रेंचांच्या पलटणी मोडल्या. पेशव्यांनी तोच मार्ग १८०२च्या अखेरीस वसईच्या तहाने धरला. १८१८ साली पेशवाई बुडाली. ज्या दोन सत्ता खर्ड्याच्या माळावर एकमेकींशी लढल्या, त्यांपैकी एक नाहीशी झाली आणि दुसरी इंग्रजांच्या ओंजळीने पाणी पिऊ लागली.

यानंतर जी सरहद्द पडली तीत खर्डा मुंबई इलाख्यात आले. पूर्वेकडील व दक्षिणेकडील बीड, भूम, परांडा हा मुलूख हैदराबाद संस्थानात राहिला. जामखेड तालुक्याची रचना तर मोठी चमत्कारिक होती. इंग्रजांची आणि निजामाची गावे एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे माणसास सोयरिकीस जाताना परमुलूख ओलांडावा लागे. युरोपात चेक लोकांच्या देशाची सरहद्द बरीचशी डोंगरांच्या माथ्यावरून गेलेली आहे. तेथे अनेक ठिकाणी सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे भाषा निराळ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सरहद्दीलगतच्या जर्मन भाषिकांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि कित्येक खेडी ओस पडली. खर्ड्याच्या सरहद्दीस तशी भाषेची भिंत नव्हती. अलीकडे मराठी, पलीकडेही मराठी. तीच ज्वारी, तीच पंढरीची वारी, तीच नाती.

तरीही फरक होता, आणि तो रोजच्या व्यवहारात टोचत असे. नाणी वेगळी होती. संस्थानात हाली रुपया चाले, खर्ड्याच्या बाजारात कलदार. साधारणपणे सात हाली रुपये दिले म्हणजे सहा कलदार पदरात पडत. घाटावरून बैल विकावयास आणलेल्या शेतकऱ्यास हा हिशेब तोंडी करता यावा लागे, न आल्यास सराफ होताच. माल सरहद्दीवरून नेताना संस्थानच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरावी लागे. कालगणनाही निराळी होती. संस्थानच्या कागदांवर फसली सन लिहीत, ज्यात आणि इसवी सनात ५९०-५९१ वर्षांचे अंतर असे. खर्ड्याच्या कागदावर १९४० साल असताना घाटावरच्या कचेरीत फसली १३४९ चालू होते आणि महिने आजूर, दय, बहमन असे इराणी नावांचे होते.

सर्वांत मोठे अंतर शिक्षणाचे होते. संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती आणि पुढील शिक्षणाचे माध्यमही तेच. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवीत असे. देशी भाषेस विद्यापीठाचे माध्यम करण्याचा तो प्रयोग कौतुकाचाच होता. परंतु बीड, उस्मानाबाद, परभणी, नांदेड या मराठी जिल्ह्यांतील मुलांना त्याचा लाभ घेण्यासाठी आधी आपली भाषा बाजूस ठेवावी लागे. घाटाखालचे मूल कोर्टातील अर्ज वाचू शके. घाटावरचे मूल स्वतःच्या बापाच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेई.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. मग ही सरहद्द एकदम जिवंत झाली. संस्थानातील लढ्याचे कार्यकर्ते सोलापूर, बार्शी, नगर अशा शेजारच्या भागांत केंद्रे उभारून काम करू लागले. रझाकारांच्या छळास भिऊन अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. हाली रुपया १९५९ साली चलनातून कायमचा गेला. राज्यांची सरहद्द आता केवळ जिल्ह्यांची हद्द उरली आहे.

किल्ला उभा आहे. आतील इमारती बहुतांशी ढासळल्या असल्या तरी तट आणि दरवाजे पाहण्याजोगे आहेत. २०२१च्या दसऱ्यास किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारण्यात आला. त्याच्या निमित्ताने पुष्कळ लोक येथे येतात. आलेल्यांनी ध्वजाकडे पाहून झाल्यावर भोवतालच्या टेकड्यांकडेही पाहावे. लढाई तेथून समजते.

माणसांनी आखलेली सरहद्द पुसली गेली, तरी पाण्याने आखलेली कायम आहे, आणि आजच्या कारभारात तिचे महत्त्व उलट वाढले आहे. धरणाचे पाणी कोणास मिळावयाचे, हे गाव कोणत्या खोऱ्यात आहे यावर ठरते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका मराठवाड्यात असूनही कृष्णेच्या खोऱ्यात पडतो. म्हणून तेथे आणि धाराशिव जिल्ह्यात पाणी नेण्यासाठी कृष्णा-मराठवाडा योजना हाती घ्यावी लागली. नांदूरघाट व केज गोदावरीच्या खोऱ्यात असल्याने त्यांचा हिशेब वेगळा.

दसरा सरला की बालाघाटावरील गावांतून ऊसतोडणी कामगारांचे तांडे निघतात. पूर्वी ते बैलगाड्यांनी जात, आता बहुधा ट्रकांनी व ट्रॅक्टरांनी जातात. संसाराची भांडी, कोयते, सरपण, शेळ्या आणि पुष्कळदा शाळेतील मुलेही त्यांत असतात. घाट उतरून ते सीना, भीमा आणि कृष्णा यांच्या काठांवरील साखर कारखान्यांकडे जातात. त्या बाजूस कालवे आहेत आणि हिवाळ्यातही शेतात पाणी असते. गळीत हंगाम संपला की, चैत्राच्या सुमारास, त्याच वाटांनी ते वर चढतात. तोवर मांजरेचे वरचे पात्र आटलेले असते.